आपलं पॅन अजून माहेरीच!

इन्कम टॅक्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? एखाद्या नटाच्या बंगल्यावर पडलेली धाड, नाहीतर बिल्डरच्या कपाटात सापडलेल्या नोटांच्या थप्प्या. कणीक मळता मळता आपण टीव्हीवर ती बातमी बघतो आणि ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणून मालिकेकडे वळतो. कमावतात ते पुरुष, रिटर्न भरतो तो सीए. आणि आपण? आपण सही करतो. तीही पुष्कळदा पेन्सिलीनं केलेल्या फुलीवर, ‘इथं कर’ असं कुणी म्हटल्यावर.

पण मैत्रिणींनो, जरा हिशेब करून बघा. नवऱ्याच्या पश्चात मिळालेले विम्याचे पैसे तुमच्या नावावर मुदत ठेवीत असतात. वडिलांचं घर विकल्यावर वाट्याला आलेली रक्कम तुमच्या खात्यात जमा होते. बचत गटाच्या तुम्ही अध्यक्ष असता. नवऱ्यानं घेतलेला प्लॉट ‘घरच्या लक्ष्मीच्या’ नावावर असतो. म्हणजे पैसा आपल्या नावावर असतो, फक्त आपल्याला त्याची माहिती नसते. आणि सरकार विचारतं ते नावाला.

आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही चौघीजणी दर गुरुवारी दुपारी कागदपत्रांच्या मदतीसाठी बसतो. सुरुवातीला रेशनकार्ड, निराधार योजनेचा अर्ज, मुलींच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म असली कामं असायची. मग हळूहळू पदराआडच्या पिशवीतून दुसरेच कागद निघू लागले. ‘ताई, बँकेनं माझे पैसे कापलेत’, ‘ताई, ह्यांच्या नावानं नोटीस आलीय, आणि ह्यांना जाऊन तर दोन वर्षं झाली.’ माझं शिक्षण बी. ए. मराठीचं. टीडीएस, असेसमेंट हे शब्द मलाही नवेच होते. जिल्ह्याच्या शहरातलं इन्कम टॅक्सचं ऑफिस आमच्या गावापासून एसटीनं दीड तासावर. तिथल्या वाऱ्या करता करता, तिथल्या माणसांना विचारता विचारता आणि गावातल्या एका सज्जन कर सल्लागारांचं डोकं खाऊन जे कळलं, ते आज तुमच्यासमोर मांडते.

वॉर्ड कुठला?

त्या इमारतीवर पाटी ‘आयकर भवन’, पेपरात शब्द ‘प्राप्तिकर’, आणि सगळं गाव म्हणतं ‘इन्कम टॅक्स’. तिन्ही एकच, हे पहिल्यांदा जाणाऱ्या बाईला कळायला वेळ लागतो. दारात वहीत नाव लिहायचं. वॉचमन विचारतो, ‘कुठल्या वॉर्डात काम आहे?’ आमच्याबरोबरच्या एका मावशींनी झटकन सांगितलं, ‘वॉर्ड पाच, मारुतीच्या देवळामागं.’ तो बिचारा बघतच राहिला. त्यांनी आपला नगरपालिकेचा वॉर्ड सांगितला होता! इन्कम टॅक्सचा वॉर्ड वेगळा. प्रत्येक पॅन कार्ड कुठल्या ना कुठल्या अधिकाऱ्याच्या हद्दीत असतं, त्या हद्दीला वॉर्ड म्हणतात. आपला वॉर्ड कुठला ते खात्याच्या संकेतस्थळावर पॅन नंबर घालून बघता येतं. घरातल्या कॉलेजच्या मुलीला सांगा, दोन मिनिटांत सांगेल. एवढं केलं तरी अर्धी वारी वाचते.

आमच्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. ती खासगी बालवाडीत शिकवते. लग्नाआधी माहेरच्या शहरात वर्षभर नोकरी केली होती, तेव्हा पॅन काढलेलं. नंतर ते कपाटात पडून. वडील गेल्यावर घर विकलं, हिच्या वाट्याला आठ लाख आले. ते तिनं मुदत ठेवीत ठेवले. व्याज वर्षाला छप्पन्न हजार. मार्च २०२४ मध्ये पासबुक भरून आणलं तर बँकेनं ११,२०० रुपये कापलेले. म्हणजे वीस टक्के! बँकेत विचारलं तर उत्तर मिळालं, ‘तुमचं पॅन बंद आहे. इन्कम टॅक्समध्ये जा.’

ऑफिसात गेलो. ‘आयकर सेवा केंद्र’ नावाच्या खिडकीवर एक तरुण मुलगा होता. त्यानं नंबर घातला आणि म्हणाला, ‘मॅडम, तुमचं पॅन इकडे नाहीच. तुमच्या जुन्या पत्त्याच्या वॉर्डात आहे.’ हिला आधी कळेना, मग हसूच फुटलं. ‘लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पोरगं बारावीत आहे आणि माझं पॅन अजून माहेरीच!’

गंमत बाजूला ठेवू, पण हे आपल्यातल्या कितीतरी जणींचं आहे. पॅन माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, बँकेत तिसरंच काहीतरी. कुठं नवऱ्याचं नाव मध्ये, कुठं वडिलांचं. कुठं ‘बाई’ लावलेलं, कुठं काढलेलं. लग्नात तांदळात नाव लिहून घेताना कोण कशाला पुढचा विचार करतं? पण पॅन आणि आधार जोडायचे तर दोन्हीवरचं नाव, जन्मतारीख जुळावी लागते. ही जोडणी ३० जून २०२३ पर्यंत करायची होती. ज्यांची झाली नाही त्यांचं पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय ठरलं. निष्क्रिय म्हणजे रद्द नव्हे, झोपलेलं. पण ते झोपलेलं असलं की कर जास्त दरानं कापला जातो आणि रिफंड मिळत नाही. (ऐंशी वर्षांवरच्या आजी-आजोबांना या जोडणीतून सूट दिलेली होती, हेही पुष्कळांना ठाऊक नाही.)

त्या मुलानं आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. पॅनवरचं नाव दुरुस्त करण्याचं काम इन्कम टॅक्सच्या ऑफिसात होतच नाही. ते पॅन सेवा केंद्रात होतं, आणि तसं केंद्र आमच्याच गावात बाजारपेठेत होतं! बँकेनं ‘इन्कम टॅक्समध्ये जा’ म्हणायच्या ऐवजी एवढं सांगितलं असतं, तर बालवाडीतली एक दिवसाची रजा आणि एसटीचं भाडं वाचलं असतं.

मग रांगेनं कामं केली. आधी नाव दुरुस्ती. त्यासाठी लग्नाचा दाखला लागला. तिनं नोंदणी केलेली नव्हती, पण तेव्हाच्या कागदांच्या यादीत लग्नपत्रिकाही होती आणि सासूबाईंनी ती एकोणीस वर्षं देवाच्या पेटीत जपून ठेवलेली. पॅनवर वडिलांचं नाव तसंच राहतं, लग्नानंतरही नवऱ्याचं येत नाही, हे तिला तिथं कळलं. नंबरही तोच राहतो. पॅनमधलं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. तिचं माहेरचं ‘के’ होतं ते तसंच राहिलं. मला सांगते, ‘आडनाव बदललं, पण एक अक्षर तरी बाबांचं शिल्लक आहे.’ मग हजार रुपये भरून आधार जोडलं, पॅन जागं झालं, जुलैत रिटर्न भरलं आणि कापलेले पैसे परत आले. हद्द बदलण्यासाठी एक अर्ज दिला, तेही पुढं झालं. आता तिचं पॅन सासरी नांदतंय.

तोंडानं विचारलं नाही, म्हणून सहा हजार

दुसरी बाई आमच्याच आळीतली. नवरा एका कारखान्यात होता, अचानक गेला. विम्याचे नऊ लाख आले. मृत्यूनंतर वारसाला मिळणाऱ्या विम्याच्या रकमेवर कर नाही, पण ती रक्कम ठेवीत ठेवली की तिचं व्याज हे उत्पन्न धरलं जातं. वर्षाचं व्याज त्रेसष्ट हजार आणि त्यावर दहा टक्के, ६,३०० रुपये कापले गेले. दुसरं उत्पन्न काही नाही. शिवणकामाचे येतील तेवढे. तिला एक रुपयाही कर लागू नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग कापला कसा? बँकेला तुमचं बाकीचं उत्पन्न माहीत नसतं. ठरावीक मर्यादेवर व्याज गेलं की ती कापते. तेव्हा साठ वर्षांखालच्यांना ही मर्यादा ४० हजार होती. १ एप्रिल २०२५ पासून ती ५० हजार झाली, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १ लाख. (सहकारी बँकेतल्या सभासदांच्या मुदत ठेवींवरही जून २०१५ पासून कपात सुरू झाली. ‘आपल्या गावची बँक, तिथं कुठला टीडीएस’ या समजात राहू नका.) ज्याला कर लागूच होत नाही त्यानं बँकेला तसं लिहून द्यायचं असतं. साठीच्या आतल्यांनी १५-जी आणि साठीच्या पुढच्यांनी १५-एच, अशी त्या फॉर्मची नावं इतकी वर्षं आपण ऐकली. हा फॉर्म दर आर्थिक वर्षी सुरुवातीलाच द्यावा लागतो, एकदा दिला म्हणजे कायमचा नव्हे. आता १ एप्रिल २०२६ ही प्राप्तिकराच्या नव्या कायद्याच्या अंमलाची तारीख. १९६१ च्या जागी २०२५ चा कायदा. त्यात कलमांचे, फॉर्मचे आकडे बदलतात. म्हणून आकडा पाठ करू नका. बँकेत जाऊन सरळ म्हणा, ‘व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म द्या.’ काम सांगितलं की फॉर्म मिळतो. मात्र खरोखरच कर लागू नसेल तरच द्या. खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे.

या बाईला हे कुणीच सांगितलं नव्हतं. कापलेले पैसे परत मिळवायचे तर रिटर्न भरावं लागतं, हेही नाही. ती आमच्याकडे आली तेव्हा त्या वर्षाचं रिटर्न भरायची मुदत उलटून गेली होती. दोघांनी तिला सांगितलं होतं, ‘आता विसरा.’ सहा हजार तीनशे रुपये विसरायचे? तिच्या हिशेबात ते मुलीच्या क्लासचे सहा महिने होते.

आमच्या कर सल्लागारांनी वाट दाखवली. उशीर माफ करून रिफंड मिळावा म्हणून अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानं अशा अर्जाला आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली आहे. उशीर का झाला ते लिहायचं, पुरावा जोडायचा. तिनं नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, बँकेचा व्याजाचा दाखला आणि खात्याच्या नोंदीतला कापलेल्या कराचा उतारा जोडला. मग ऑफिसातून फोन आला, भेटायला या.

तिथं एका टेबलावर पहिलाच प्रश्न आला, ‘तुमच्याबरोबर पुरुषमाणूस कुणी नाही का?’ ती म्हणाली, ‘साहेब, तो असता तर मी इथं आलेच नसते.’ खोलीत एकदम शांतता. पलीकडच्या टेबलावरच्या बाई उठून आल्या, तिला बसायला खुर्ची दिली, तिचे कागद स्वतः लावून दिले. मी हे मुद्दाम लिहिते. कारण त्या इमारतीत दोन्ही प्रकारची माणसं भेटतात. हिंदी बोलणारे अधिकारी असतात, बदलीनं आलेले असतात, आपलं म्हणणं त्यांना पटकन समजत नाही. पण नीट लावलेली फाइल सगळ्यांना समजते. चार महिन्यांनी मंजुरी आली, तिनं रिटर्न भरलं, पैसे खात्यात आले. व्याज मिळालं नाही, अशा उशिराच्या दाव्यावर ते मिळत नाही. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणाली, ‘माझेच होते, मागून आणले.’

‘मंगळसूत्र नेतील का हो?’

सगळ्यात जास्त घाबरलेली बाई कुठली म्हणाल, तर गेलेल्या नवऱ्याच्या नावानं नोटीस आलेली. तिच्या नवऱ्यानं मरणाच्या आदल्या वर्षी गावाकडची जमीन विकली होती. तीस लाखांचा किंवा त्यावरचा खरेदी-विक्रीचा व्यवहार झाला की नोंदणी कार्यालयाकडून त्याची माहिती इन्कम टॅक्सकडे जाते. नोटिशीत विचारलं होतं, हे पैसे रिटर्नमध्ये का नाहीत? दिरानं हात वर केले. गावातल्या कुणीतरी घाबरवून ठेवलं, घर जप्त होईल. आमच्यासमोर बसून तिनं दबक्या आवाजात विचारलं, ‘ताई, मंगळसूत्र नेतील का हो? घालत नाही आता मी, पण पेटीत आहे.’

या प्रश्नाचं उत्तर आपल्या प्रत्येकीला ठाऊक असायला हवं. गेलेल्या माणसाच्या कराची जबाबदारी वारसावर येते हे खरं, पण ती त्यानं मागं ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच. वारसाच्या स्वतःच्या कमाईवर, स्वतःच्या स्त्रीधनावर ती येत नाही. हे कायद्यात स्पष्ट आहे. नोटीस बघून गप्प बसायचं मात्र नाही. पहिलं काम म्हणजे, ज्याच्या नावानं नोटीस आहे तो हयात नाही हे मृत्यूच्या दाखल्यासह कळवायचं. दुसरं, खात्याच्या पोर्टलवर वारस म्हणून नोंद करून घ्यायची. त्याला मृत्यूचा दाखला, दोघांचं पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. ही नोंद झाली की त्याच्या वतीनं उत्तर देता येतं, राहिलेलं रिटर्न भरता येतं, आणि त्याचा अडकलेला रिफंडही मागता येतो. हे शेवटचं कुणी सांगत नाही!

तिच्या बाबतीत जमीन खेड्यातली, पिकाखालची होती. शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन विकली तर त्यावर भांडवली नफ्याचा कर नसतो. अंतर किती, ते जवळच्या शहराच्या लोकसंख्येवर ठरतं, दोन, सहा किंवा आठ किलोमीटर. आम्ही सातबारा काढला, तहसील कचेरीतून अंतराचा दाखला मिळवला, खरेदीखताची नक्कल जोडली. तलाठ्याकडे तीन हेलपाटे, तहसीलला चार. इन्कम टॅक्सच्या ऑफिसात दोनच. प्रकरण बंद झालं. खरं तर जमीन विकतानाच तो अंतराचा दाखला घेऊन खरेदीखताला टाचून ठेवला असता, तर त्या बाईचे पाच महिने भीतीत गेले नसते. तुमच्या घरी शेत विकायचं चाललं असेल, तर आजच सांगून ठेवा.

गटाचे पैसे, तिचं खातं

बचत गटाच्या मैत्रिणींनो, हा भाग तुमच्यासाठी. आमच्या जवळच्या खेड्यातली एक धडाडीची बाई तीन गटांचं काम बघते. फराळाच्या ऑर्डरी, पापडाचे पैसे, कर्जाचे हप्ते, सगळं ती गोळा करायची आणि सोयीसाठी आपल्याच बचत खात्यात भरायची. बँक जवळ, ओळख चांगली. वर्षभरात रोख भरणा अकरा लाखांवर गेला. एका माणसाच्या बचत खात्यांत वर्षात दहा लाख किंवा जास्त रोख जमा झाली की बँक ती माहिती इन्कम टॅक्सला कळवते. मशीनला काय कळणार, की हे पैसे छत्तीस बायकांचे आहेत? त्याला दिसलं, रिटर्न न भरणारी एक गृहिणी आणि अकरा लाख रोख.

खात्यानं आधी मेसेज पाठवले होते. ते गेले पुण्याला, कारण पोर्टलवर मोबाइल मुलाचा होता आणि मुलगा नोकरीला पुण्यात. त्याला वाटलं, हे फसवणुकीचे मेसेज. शेवटी ‘चौकशी पुन्हा का उघडू नये’ अशी रीतसर विचारणा आली. तेव्हा तिला वाचवलं ते तिच्या स्वतःच्या वहीनं. कोणी किती दिले, कधी दिले, बँकेत कधी भरले, सगळं तारीखवार. सभेचं इतिवृत्त, प्रत्येकीची सही, नाहीतर अंगठा. आम्ही तिघींनी दोन रात्री बसून त्या नोंदी आणि पासबुक जुळवलं. उत्तर इंग्रजीत लिहून द्यायला सल्लागार होते, पण पुरावा तिचाच. कारवाई तिथंच थांबली. ‘सातवी पास बाईची वही’ म्हणून ज्या वहीला गटातल्याच काही जणी हसायच्या, तिच्यावर हे सगळं निभावलं. आता प्रत्येक गटाचं स्वतंत्र खातं आहे.

डब्यातल्या पैशांचा निकाल

आता एक निकाल सांगते, जो मला फार मोलाचा वाटतो. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आठवते ना? डाळीच्या डब्यातल्या, साडीच्या घडीतल्या नोटा बाहेर काढाव्या लागल्या. कुणी नवऱ्याला पहिल्यांदाच आकडा सांगितला आणि मग टोमणेही ऐकले. त्या वेळी ग्वाल्हेरच्या एका गृहिणीनं २,११,५०० रुपये बँकेत भरले. घरखर्चातून, नवऱ्यानं, मुलानं, नातेवाइकांनी दिलेल्यातून वाचवलेले. इन्कम टॅक्सच्या अधिकाऱ्यानं हे तिचं लपवलेलं उत्पन्न धरलं. अपिलातही ती हरली. पण ती थांबली नाही. जून २०२१ मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठानं तिच्या बाजूनं निकाल दिला. नोटाबंदीच्या काळात गृहिणींनी भरलेले अडीच लाखांपर्यंतचे पैसे त्यांची बचत मानावेत, उत्पन्न नव्हे, असं सांगितलं. निकाल त्या काळापुरता आणि त्या मर्यादेपुरता आहे. पण गृहिणी घर चालवता चालवता पैसा उभा करते, हे एका न्यायाधिकरणानं कागदावर मान्य केलं.

याच कायद्याची दुसरी बाजूही माहीत हवी. नवऱ्यानं बायकोला दिलेल्या भेटीवर कर नाही. पण त्या पैशाची ठेव केली, तर तिचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. म्हणजे ‘तुझ्या नावावर ठेवलेत’ असं म्हणून घरात जे सांगितलं जातं, त्यातलं खरोखर तुमचं किती, हे विचारायला हरकत नाही. भांडण म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

न दिसणारा साहेब

ऑगस्ट २०२० पासून चेहराविरहित तपासणी सुरू झाली. म्हणजे बऱ्याच प्रकरणांत आपले कागद देशातल्या कुठल्या तरी शहरातला अधिकारी वाचतो, आपण त्याला पाहत नाही, तो आपल्याला पाहत नाही. रिटर्न तर बेंगळुरूच्या केंद्रातच तपासली जातात. वशिला, चहापाणी, ‘उद्या या’ हे यात संपलं, हा मोठाच फायदा. पण जिला पोर्टल उघडता येत नाही, जिचा मोबाइल मुलाच्या नावावर आहे, तिच्यापासून ऑफिस दीड तासावरून आणखीच लांब गेलं. पूर्वी निदान टपालवाला दारात यायचा.

खोट्या नोटिसांचाही सुळसुळाट आहे. ‘तुमचा रिफंड मंजूर, इथं दाबा’ असल्या मेसेजवर बोट लावू नका. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर एक ओळख क्रमांक असतो. तो पोर्टलवर घालून पत्र खरं की खोटं तपासता येतं. ओटीपी, एटीएमचा पिन खातं कधीच मागत नाही.

इतक्या वाऱ्यांनंतर माझं म्हणणं एवढंच आहे. आमच्याकडे आलेल्या बायकांना कायद्यानं फारसं अडवलंच नाही. अडवलं ते तीन गोष्टींनी. नाव जुळत नाही, मोबाइल दुसऱ्याचा, आणि ‘तुला काय करायचंय, तू फक्त सही कर.’ पहिल्या दोन गोष्टी एका दुपारीत सुटतात. तिसरीला वेळ लागेल. पण सही करण्याआधी ‘थांबा, वाचून बघते’ एवढं म्हणायला आजपासून सुरुवात करता येईल. घरात पहिल्यांदा सगळे चमकतील. दुसऱ्यांदा चष्मा आणून देतील.

एवढं जरूर करा

• पॅन, आधार आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवा. तिन्हीवरचं नाव, जन्मतारीख अक्षरशः सारखी आहे का बघा. पॅन चालू आहे का तेही पोर्टलवर बघून घ्या.

• पोर्टलवर मोबाइल आणि ई-मेल स्वतःचाच हवा. सल्लागाराचा नको, मुलाचाही नको. पासवर्ड आपल्या वहीत लिहून ठेवा.

• वर्षातून एकदा पोर्टलवरचा वार्षिक माहितीचा तक्ता (एआयएस) बघा. नोव्हेंबर २०२१ पासून तो मिळू लागला. आपल्या नावावर कुठं किती व्याज, कुठला व्यवहार, हे त्यात दिसतं. काही बायकांना आपल्या नावावर काय आहे, ते त्यातूनच पहिल्यांदा कळलं!

• रिफंड हवा असेल तर बँक खातं पोर्टलवर पडताळून घेतलेलं हवं.

• ऑफिसात कुठलाही कागद दिला की आपल्या प्रतीवर पोहोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. ‘राहू द्या, मी सांगतो साहेबांना’ यावर निघून येऊ नका.

• मूळ कागद कुणालाही देऊ नका. झेरॉक्सचे दोन संच बरोबर ठेवा. आणि हो, डबा आणि पाण्याची बाटलीही. जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद झाली की आपल्यालाही बसावंच लागतं. एकटीनं जाऊ नका, दोघी जा. एक विचारते, दुसरी लिहून घेते.